पित्त नव्हतं ते

"शेठ, डोल्यांत घालायचे थेंब द्या. बायकोचे डोले आलेत."

काउंटरपलीकडे नामदेव उभा होता. जवळच्या ओवे गावचा शेतकरी, माझं जुनं गिऱ्हाईक. नव्वदच्या सुमाराची गोष्ट. पनवेलला माझं मेडिकल स्टोअर होतं आणि गावात डोळे येण्याची साथ होती. सकाळपासून मी तेच ड्रॉप्स विकत होतो.

बाटली पुडीत घालताना हात थांबला. परवा यानेच अंगावर पित्त उठलंय म्हणून गोळी नेली होती. काल तोंड आलंय म्हणून लावायचं जेल.

"नामदेवभाऊ, परवाची गोळी कुणासाठी होती?"

"सुमनसाठीच."

"आणि कालचं जेल?"

"तेपन तिलाच. तापपन हाय तिला."

तीन दिवस, तीन औषधं, पेशंट एकच. आणि मी तिला एकदाही पाहिलं नव्हतं.

पित्त म्हणजे बहुतेक वेळा साधी ॲलर्जी. गांधी उठतात, भयंकर खाजतात, काही तासांत एका जागी विरतात आणि दुसरीकडे उठतात. त्यातही ओठ, जीभ सुजली किंवा श्वास लागला तर घरी थांबायचं नसतं. पण हे वेगळंच वाटत होतं.

"खाजतंय का तिला?"

"खाज नाय. आग होते म्हनते. चादरपन लागू देत नाय. सकाली आईनं आमसुलाचं पानी लावलं, तर कातडीच हातात आली."

एखादं औषध शरीराला सोसत नाही तेव्हा क्वचित असं होतं. ताप येतो, काळपट लाल चट्टे येतात, तोंड आणि डोळे सोलवटतात, भाजल्यासारखी कातडी सुटते. फार्मसीच्या पुस्तकात त्यावर एक परिच्छेद होता. खाली औषधांची यादी होती. तीत सल्फा होतं.

सल्फाच्या गोळ्या मीच दिल्या होत्या, दहा दिवसांपूर्वी. सुमनला लघवीला जळजळ होत होती. नामदेवने स्वतःची जुनी चिठ्ठी पुढे केली आणि मी तिच्यावर बायकोसाठी गोळ्या दिल्या. पूर्वी कुठल्या औषधाचा त्रास झाला होता का, एवढंही विचारलं नाही.

"त्या लघवीच्या गोळ्या?"

"चालूच हायेत."

"आता एकही द्यायची नाही."

शटर ओढलं. रिक्षा करून आम्ही ओव्याला गेलो. कातडी अंथरुणाला चिकटू नये म्हणून सुमनला केळीच्या पानावर निजवलं होतं. पंचविशीची बाई. ओठांवर काळ्या खपल्या, पापण्या चिकटलेल्या. सासू पदराने वारा घालत होती. आम्ही तिला पानासकट चादरीत उचललं आणि पनवेलच्या हॉस्पिटलात आणलं.

डॉक्टरांनी तपासलं. "कुठल्या गोळ्या चालू होत्या? दिल्या कोणी?"

नामदेवने माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "घरात पडलेल्या, डॉक्टर. आमीच दिल्या."

गप्प राहणं फार सोपं होतं.

"सर, गोळ्या मी दिल्या," शेवटी मी म्हणालो. "चिठ्ठी तिची नव्हती." गोळीचं नाव आणि दिल्याची तारीख सांगितली.

डॉक्टर ओरडले नाहीत. केसपेपरवर लिहून घेतलं. "हे कळायलाच हवं होतं. आता हिला मुंबईला हलवा. लगेच."

सुमन महिनाभर मुंबईत होती. जगली. कातडी भरून आली, पण डोळ्यांतलं पाणी आटलं ते कायमचं. ऊन सहन होईना. शेतावर जाणं तिला सोडावं लागलं.

पुढे एकदा मी नामदेवला विचारलं, "तेव्हा खोटं का बोललात?"

"तुमी दुकान टाकून आलात ना आमच्या घरी."

मला ते ऐकून बरं वाटलं नाही. त्याने शिवी दिली असती तर सोपं गेलं असतं.

आता दुकान बंद करून बरीच वर्षं झाली. तरी लोक औषध विचारतात, म्हणून सांगतो. अंगावर चट्टे असतील आणि सोबत ताप असेल, तोंडात फोड असतील, डोळे लाल असतील किंवा कातडी खाजण्याऐवजी दुखत असेल, तर केमिस्टकडे जाऊ नका. चालू असलेल्या सगळ्या गोळ्या पिशवीत घाला आणि सरळ हॉस्पिटल गाठा. गोळ्या कोणी दिल्या हे विचारलं, तर खरं सांगा. कुणाला सांभाळून घेऊ नका.