सायीच्या रंगाची शाल

अक्काताई,

स्वेटर पुरा झाला, शेवटचा टाका बंद झाला, लोकरीचं टोक तू दातानं तोडलंस आणि मान वर करून मला विचारलंस, "बाई, आता सुयांवर काय घालू?" पाठ धरली होती, बोटाला चीर पडली होती, चहा गारढोण झाला होता, आणि तुला पुढचं सुचत होतं. तेव्हाच मला तुझा वीट आला. तुझे यजमान परशरामभाऊ समोर जेवत होते म्हणून बोलले नाही. आता लिहिते. तू हे वाचणार नाहीस, कुणी वाचून दाखवलं तर हसशील. म्हणून यापुढचं तुला न सांगता इतरांनाच सांगते.

बेळगावच्या वडगावात आमच्या मागच्या गल्लीत अक्काताईचं घर. खाली दोन यंत्रमाग, वर माणसं. त्या खडखडाटामुळे घरात हळू बोलायची सवयच कुणाला नाही. सासऱ्यांच्या काळात हातमाग होते. विणकरांच्या घरी माग रिकामा ठेवत नाहीत. साडी उतरली तरी जुन्या ताण्याची, म्हणजे उभ्या धाग्यांची, शेपटी मागावर तशीच ठेवतात आणि नव्या ताण्याचा एकेक धागा तिला सांधतात. धंद्यात ते बरोबर आहे, सगळी ओवणी पुन्हा करावी लागत नाही. पण या बाईनं तोच नियम स्वेटरच्या सुयांना लावला. सुया मोकळ्या दिसल्या की ती चोरी केल्यासारखी वावरते. मग नात्यात कुणाला मूल होवो, कुणाला नोकरी लागो, कुणाचे गुडघे दुखोत, हिच्याकडून काहीतरी विणून पोचतंच. आणि बेळगावच्या थंडीत हिच्या अंगावर काय? परशरामभाऊंचा विटलेला शर्ट, ब्लाउजवर चढवलेला.

हा स्वेटर नणंदेच्या मुलाचा होता. राजकुमार त्याचं नाव, बेंगळुरूला कंपनीत असतो. राखाडी रंग, छातीवर वेण्यांची नक्षी, गळा दोनदा उसवून पुन्हा घातलेला. गणपतीत सुरू केला आणि दिवाळी उलटल्यावर हातातून सुटला. राजकुमार न्यायला आला, हातानं जरा दाबून बघितला, "भारी आहे मामी," म्हणाला आणि गाडीच्या मागच्या सीटवर टाकून गेला. टाकून. मी पाहिलं.

संक्रांतीला त्याची आई जयाबाई बोरगावहून आली. मी तिळगूळ द्यायला गेले होते. तिनं कौतुकानं फोन पुढे केला.

"बघ की गं अक्का, माझ्या लेकानं कुत्र्याला कसं नटवलंय."

चपट्या नाकाचं एक कुत्रं, आणि त्याच्या अंगात तो राखाडी स्वेटर. बाह्या कात्रीनं उडवलेल्या, पोटाखाली गाठ मारलेली. वेण्यांची नक्षी कुत्र्याच्या पाठीवर. खाली सगळ्या नातेवाइकांनी लाल बदाम पाठवलेले, त्यात परशरामभाऊंचाही एक. मला शिसारी आली. कुत्र्याची नव्हे, ते बिचारं थंडीत उबेला होतं. त्या बदामांची.

अक्काताईनं फोन डोळ्यांजवळ नेला. आता तरी काही बोलेल म्हणून मी थांबले.

"बाह्या कापल्या तितं टाकं बंद केलं न्हाईत," ती म्हणाली. "दोन धुण्यात उसवंल बघा."

"त्याला टोचत हुता म्हणं," जयाबाई म्हणाली. "कुत्र्याला काय टोचतंय, अंगावर केस हाईत."

"मग तुझ्या लेकाच्या छातीवर केस नाहीत का?" मी विचारलं.

"बाईंचं आपलं कायबी," असं म्हणून जयाबाईनं फोन पर्समध्ये ठेवला.

मला वाटलं होतं, अक्काताईला काही झालेलं नाही. पण चार दिवसांनी दुपारी ती आमच्या दारात आली, हातात जकार्डच्या पुठ्ठ्याचं एक जुनं पान घेऊन. मागावर नक्षी उठवायला भोकं पाडलेली ही पानं त्यांच्या माळ्यावर पडून असतात. तिनं ते खिडकीशी उजेडात धरलं. कोऱ्या भागावर तिनं दाभणानं स्वतःची भोकं पाडली होती, सासऱ्यांच्या साडीच्या काठातलं रुईफूल, पाकळ्या सुट्या करून.

"जितं भोक तितं जाळी," ती म्हणाली. "सुईवर धागा जास्तीचा घ्यायचा न् पुढचं दोन टाकं एक करायचं. सगळी शाल अशी. सायीच्या रंगाची, बारीक लोकर."

"कुणासाठी?"

तिनं पान पदरानं पुसलं. "माझ्यासाठीच म्हणते. लई दिवस मनात हाय. एकदा पांघरून मारुतीच्या देवळापातूर जायचं, बास."

साठी उलटलेल्या बाईचा स्वतःसाठीचा हा पहिला हट्ट. मी लगेच बुधवार ठरवला. दोघींनी रिक्षानं खडेबाजारात जायचं, लोकर तिनं स्वतः हातात घेऊन निवडायची, मी फक्त बरोबर असायचं. जयाबाईला कुठून कळलं कोण जाणे. तिचा फोन आला, "सायीचा म्हंजे पांढराच की गं. माझा भाऊ जिता हाय न्हवं?" अक्काताई हसून म्हणाली, "तुमच्या भावालाच इचारा, जिता हाय का." मला बरं वाटलं. म्हटलं, ही आता हटत नाही.

बुधवारी मी कोपऱ्यावर रिक्षा थांबवून आत बसले होते. अक्काताई आली, इस्त्रीची साडी, कापडी पिशवी. हातात एक सुतळी, तिला दोन गाठी.

"ही काय?"

"मान न् पोट," ती म्हणाली. "काल रात्री राजकुमारचा फोन आलता. ते उसवलं म्हणं. दुसरं पायजे, न् शेजारणीच्या कुत्र्यालाबी एक. आधी राखाडी जाड लोकर घेऊ या."

"आणि तुझी शाल?"

"ही दोन झाली की घालते."

"त्याला काय सांगितलंस?"

"व्हय म्हटलं. सुया मोकळ्याच हुत्या न्हवं."

मी तिचा चेहरा बघितला. त्या चेहऱ्यावर दुःख असतं तर मी निवळले असते. तिथं चक्क सुटका होती. भाच्यानं मागितलं, आता स्वतःसाठी काही करावं लागणार नाही, याची सुटका. बाह्या कापणाऱ्याचा मला आला नव्हता एवढा राग मला तिचा आला.

"कुत्र्याच्या लोकरीला मी येत नाही," मी म्हटलं.

"मग रिक्षातनं कुठं चाललासा?"

"घरी."

"घर तर हे काय, समोर हाय की."

रिक्षावाला आमच्या दोघींकडे बघत होता. मी त्याला त्याचं भाडं देऊन उतरले आणि चालत घरी आले. ती बसनं गेली, राखाडी लोकर घेऊन आली, संध्याकाळी टाकेही घातले. भेटली की विचारते, "बाई, बुधवारी जाऊ या का मग, शालीच्या लोकरीला?" मी म्हणते, सुया खाली ठेव, मग रिक्षा बोलावते. ती म्हणते, एवढं झालं की. खडेबाजारात आम्ही दोघी अजून गेलेलो नाही.