न्हावऱ्यातली पस्तीस मिनिटं

महेंद्र ओव्हाळच्या मोटरसायकलच्या डिकीत मल्टिमीटर, काळी चिकटपट्टी, वायर सोलायचा चिमटा आणि एक तक्रारवही असे. दौंडच्या रेल्वे कॉलनीत तो वाढला. वडील सिग्नल खात्यात खलाशी, म्हणजे मदतनीस होते. त्याने आयटीआय केलं, बारा वर्षं टीव्ही दुरुस्त केले. लोक दुरुस्तीऐवजी नवा टीव्ही घेऊ लागले तेव्हा, २००६ साली, त्याने पुण्याच्या एका कंपनीत ट्रकला जीपीएस बसवायचं काम धरलं. शिरूर आणि दौंड हे दोन तालुके त्याच्याकडे होते. कामाबद्दल कुणी विचारलं तर म्हणे, "डबी बसवायची, डबी काढायची." पुढचं विचारायला माणूस थांबत नसे.

२००८च्या एप्रिलात दौंडच्या पोपटरावांनी त्याला बोलावलं. रांजणगावच्या कारखान्यांतला माल दौंडच्या मालधक्क्यावर आणणारे त्यांचे चौदा ट्रक होते. त्यांतला एक ट्रक रोज दुपारी एकच्या सुमाराला न्हावरे गावाजवळ कॉम्प्युटरवरून नाहीसा होई आणि पस्तीस मिनिटांनी तिथेच पुन्हा दिसू लागे. त्या ट्रकवर बन्सी नावाचा ड्रायव्हर होता, वय अठ्ठावन्न.

"वायर ओढतो आन् डिझेल काढतो," पोपटराव म्हणाले. "तू फक्त लिहून दे. शुक्रवारी त्याला काढतो, आन् सगळ्या ट्रान्स्पोर्टवाल्यांना सांगतो चोर हाय म्हणून."

"आधी बघतो," महेंद्र म्हणाला.

"बघ की. बघायचेच पैसे घेतो तू."

महेंद्रने त्या ट्रकचा डॅशबोर्ड उघडला. वायर शाबूत होती, ओढल्याची खूण नव्हती, सिमकार्ड ठीक होतं. यंत्राच्या आतली छोटी बॅटरी मात्र उन्हाने मेली होती. मुख्य वीज गेली की यंत्र तत्क्षणी बंद पडणार. पण वीज जात का होती, ते उभ्या गाडीत कळेना. दुसऱ्या दिवशी तो रांजणगावात बन्सीशेजारी केबिनमध्ये चढला.

"या इंजिनेरसाहेब," बन्सी म्हणाला. "माझी चोरी धरायला आलात ना? नीट बसा, ती सीट टोचती."

न्हावऱ्याच्या अलीकडे बन्सीने ट्रक बाजूला घेतला, इंजिन बंद केलं, खाली वाकून सीटखालचा बॅटरीचा मेन स्विच फिरवला. महेंद्रने यंत्राच्या वायरला लावलेला मल्टिमीटर शून्यावर आला.

"मामा, मेन का बंद केला?"

"गाडी सोडून जायचं तर मेन बंद. उस्तादानं पयल्या दिवशी शिकवलं. त्याची गाडी उभ्या उभ्या जळाली होती, शॉर्ट होऊन. तवापासनं माझा हात आपोआप जातो."

"चहाला थांबलात तरी?"

"मुतायला थांबलो तरी."

दोष सापडला होता, आणि तो महेंद्रचाच होता. दोन वर्षांपूर्वी यंत्र बसवताना बॅटरीच्या पेटीचे गंजलेले बोल्ट निघेनात, म्हणून त्याने मेन स्विचच्या पुढून, फ्यूजपासून जोडणी घेतली होती; मेन बंद की यंत्रही बंद. नव्या पोरांना मेन बंद करायची सवय नसते, त्यामुळे अशाच जोडलेल्या बाकीच्या गाड्यांत हे कधी उघडं पडलं नाही.

बन्सी रस्त्यालगतच्या आपल्या घरात गेला. महेंद्र मागोमाग दारापर्यंत गेला. आत खाटेवर बन्सीची बायको सोजरबाई पडून होती. डावं अंग वर्षभरापासून गेलेलं. बन्सीने तिला कुशीवर वळवलं, पाठ पुसली, भाकरी दुधात कुस्करून भरवली.

"कोन आलंय?" सोजरबाईने विचारलं.

"गाडीचं यंत्र बघणारे हायत."

"त्यांना पानी दे."

पस्तीस मिनिटांनी दोघे ट्रकपाशी आले. महेंद्रने बॅटरीच्या पेटीचे बोल्ट तेल घालून सोडवले आणि वायर हातात धरून थांबला.

"मामा, ही आता थेट बॅटरीला जोडतो. मेन बंद केला तरी यंत्र चालू राहील. तुम्ही हितं थांबता ते रोज दिसंल. भरल्या गाडीनं मधे थांबायला पोपटरावांची मनाई आहे."

"न्हाई जोडली तर?"

"तर ते म्हणतील, तुम्ही वायर ओढता."

"जोडा. थांबतो ते दिसू द्या. चोरी तर न्हाई ना दिसायची."

महेंद्रने जोडली. अहवालात लिहिलं: वायर ओढलेली नाही, जोडणी चुकीची, चूक तंत्रज्ञाची. पुण्याहून त्याला ठपक्याचा मेमो आला. त्याने तो डिकीतल्या तक्रारवहीत ठेवला.

बन्सीने थांबणं सोडलं नाही. नऊ दिवसांनी पोपटरावांनी महेंद्रला कॉम्प्युटर दाखवला. न्हावऱ्याच्या अलीकडे नऊ ठिपके होते, एकावर एक.

"यंत्र झकास चालतंय तुझं," पोपटराव म्हणाले. "काढला त्याला."

"चोर म्हणून?"

"न्हाई. थांबतो म्हणून. हे बघ, मी खोटं बोलत नसतो. कुनी विचारलं तर सांगीन, चोर न्हाई म्हणून."

महेंद्रने सर्व्हिसच्या कागदावर त्यांची सही घेतली आणि निघाला.

जूनमध्ये त्याच ट्रकची तक्रार आली, सकाळी स्टार्ट होत नाही म्हणून. यंत्र आता उभ्या गाडीतही बॅटरी खात होतं. बॅटरी जुनी होती, तिला ते झेपेना. महेंद्रने बॅटरी बदलायला सांगितलं. पुढच्या कामाला जाताना तो न्हावऱ्याला बन्सीच्या दाराशी थांबला. बन्सी सोजरबाईला भरवत होता. दुसऱ्या मालकाने बोलावलं होतं, पण तिथल्या गाड्यांनाही डब्या होत्या, म्हणून तो गेला नव्हता.

"चालतंय का यंत्र?" त्याने विचारलं.

"चालतंय."

"मेन बंद करतो का नवा ड्रायव्हर?"

"नाही."

"त्याला सांगा. गाडी जळंल एखाद्या दिवशी."

महेंद्र सांगतो म्हणाला. पाणी प्यायला, तांब्या उंबऱ्यावर ठेवला आणि पुढच्या तक्रारीसाठी शिरूरकडे गेला.