तंदूर, रजई आणि ओवीची सीट

आमच्या ट्रकच्या केबिनमध्ये एक सीट उचलली की खाली काहीतरी सापडतंच. नट, बिस्किटाचा पुडा, आमच्या लेकीचा, ओवीचा, एक मोजा. किस्स्यांचंही तसंच झालंय. एक काढायला जावं तर खालून तीन निघतात. माझ्या मैत्रिणी म्हणतात, लिहून काढ. काढते. पण मी काळजी करणारी बाई आहे, त्यामुळे मध्येच "ओवीने टोपी घातली का?" असं आलं, तर तेवढं वगळून वाचा.

* * *

ट्रक माझ्या नवऱ्याने, सागरने, लष्कराच्या लिलावात घेतला. पावसाळ्यात काळ्या मातीत रुतलेले ट्रॅक्टर ओढून काढायचे आणि एरवी मंडपाचं सामान वाहायचं, असा धंदा. ट्रक दणकट आहे. फक्त त्याचं इंजिन केबिनच्या आत आहे, दोन सीटांच्या मध्ये, पत्र्याच्या झाकणाखाली. उन्हाळ्यात अकोल्याची हवा बाहेरून भाजते आणि हे झाकण आतून. आवाज तर असा, की शेजारच्या सीटवरच्या माणसाशी बोलायचं तर ओरडायचं, मग त्याने कानामागे हात धरून "का म्हन्तं?" म्हणायचं, मग पुन्हा ओरडायचं.

सवय घरीही आली. एका दुपारी जेवताना मी विचारलं, "भात वाढू?" सागर कानामागे हात धरून ओरडला, "का म्हन्तं?" मी ओरडले, "भाऽऽत!" तो ओरडला, "थोडाऽऽसाच!"

पाचव्या मिनिटाला जठारपेठेतल्या आमच्या शेजारीणकाकू दारात. म्हणाल्या, "जाऊ दे ना पोरी, भातावरून संसार मोडते का कुठं!"

* * *

हे सगळं हसण्यावारी चाललं होतं. पण ओवी पावणेदोन वर्षांची झाली आणि एक शब्द बोलेना. सहा महिन्यांची असल्यापासून ती बापाच्या मांडीवर त्या केबिनमध्ये बसलेली. आम्ही तिला घेऊन डॉक्टरांकडे धावलो. तिचे कान?

डॉक्टरांनी तपासलं. म्हणाले, "कान चांगले आहेत. काही मुलं उशिरा बोलतात. शांत जागी तिच्याशी हळू आवाजात बोलत जा. घरी फार आवाज असतो का हो?"

मी काही बोलायच्या आत सागर कानामागे हात धरून पुढे वाकला.

"का म्हन्तं डॉक्टर?"

डॉक्टरांनी कागदावर काहीतरी लिहिलं. मला खात्री आहे, ते ओवीबद्दल नव्हतं.

* * *

त्याच दिवशी मी जाहीर केलं, केबिन शांत आणि थंड होईपर्यंत ओवी ट्रकमध्ये बसणार नाही. अमरावतीला आजोळी जाणंसुद्धा बसनेच. सागरचा चेहरा उतरला. ओवीला काही कळलं नसेल, पण ट्रककडे बोट दाखवून ती जे रडली, त्यावरून वाटतं की कळलं.

मी फिजिक्समध्ये एम.एस्सी. आहे. त्याचा उपयोग आजवर फक्त मीटरचं बिल वाचायला झाला होता. मी मोबाईलमध्ये आवाज मोजायचं अ‍ॅप टाकलं आणि केबिनमध्ये बसले. सागर म्हणाला, "चालू करू?" मी म्हटलं, "थांब, आधी बंद इंजिनचं रीडिंग घेते."

काटा एकदम लाल!

मी घाबरून बाहेर पाहिलं. सासूबाई अंगणातून पातूरच्या नणंदेशी फोनवर बोलत होत्या.

त्यांनी फोन बाजूला धरला. "काहून वं, मले काहून पाहून राह्यली?"

* * *

मग आले रफीकचाचा. जुन्या शहरात त्यांचं सीट-कव्हरचं दुकान आहे. इंजिनच्या त्या झाकणाला ते तंदूर म्हणतात. त्यांनी तंदूरला मापाची रजई शिवून आणली, आत भरगच्च कापूस, वरून जांभळी मखमल, त्यावर सोनेरी फुलं.

"बेटा, असली कापूस है. आवाज इसमें घुसी तो बाहर नई निकलती!"

सासूबाईंनी रजई पाहिली. "इंजिनले थंडी वाजून राह्यली का?"

खरंच आवाज कमी झाला. बाळापूर नाक्यापर्यंत. तिथे मखमलीतून धूर निघाला. सागरने गाडी थांबवून पिण्याच्या पाण्याचा कॅन तिच्यावर ओतला.

रफीकचाचांनी जळालेली रजई शांतपणे उलटून पाहिली. "आवाज तो कम हुई थी ना?"

पुढची रजई त्यांनी काचेच्या लोकरीची, म्हणजे न जळणाऱ्या ग्लास वूलची, केली, वरून चांदीसारखा पत्रा. ती टिकली. पण मखमलीचं दुःख त्यांना अजून आहे.

* * *

उष्णतेचा इलाज सासूबाईंचा. "टपावर कुलरच्या ताट्या टाका न् पाणी सोडा. घरात चालते, थ्या गाडीत काहून नाही चालनार?"

सागरने टपावर वाळ्याच्या ओल्या ताट्या बांधल्या. केबिन गार झाली, वास तर असा की कोणाच्या लग्नात आलोय! फक्त लष्कराने टपाला एक गोल झाकण ठेवलेलं आहे, सैनिकाला डोकं बाहेर काढून बघायला. ते नीट बसत नव्हतं. ब्रेक मारला की तिथून पाण्याची धार थेट ड्रायव्हरच्या डोक्यावर.

सागर रेल्वे फाटकावर तीनदा न्हाला. घरी आला तर सासूबाई म्हणाल्या, "पाह्य, थंड वाटते का नाही?"

शेवटी टपाला पांढरा रंग दिला, आतून जाड लोकरीचा नमदा चिकटवला आणि झाकणाला रबर लावलं. वाळ्याची एक ताटी सासूबाईंच्या समाधानासाठी सीटमागे लटकते. कोरडी.

* * *

तरी आवाज कुठूनतरी येतच होता. आता माझं फिजिक्स! मी म्हटलं, जिथून उजेड येतो तिथून आवाज येतो. केबिनवर ताडपत्री टाकली, ट्रकखाली दिवा लावला आणि आत बसले. पायाखाली चांदणंच चांदणं! जुनी नटांची भोकं, वायरींच्या फटी. मी एकेक भोक रबर आणि पुट्टीने बुजवत गेले. इतकी खूश मी डिग्री मिळाली तेव्हाही नव्हते.

सकाळी सागर गाडी काढायला बसला. खाली वाकला, वर बघितलं, पुन्हा वाकला.

"अशू, सगळं झकास केलंस. फक्त क्लच दाबू देशील का?"

पेडलच्या दांडीचं भोकही मी बुजवलं होतं. पुट्टी पक्की वाळली होती. ती फोडायला रफीकचाचा आले आणि जाताना म्हणाले, "बेटा, काम पक्का करती तू!"

या सगळ्या कामांना ओवी हजर असायची. अंगणात बादली उलटी घालून त्यावर बसायची आणि ओरडणाऱ्या प्रत्येकाकडे टकमक बघायची. तोंडातून शब्द नाही.

* * *

मागच्या रविवारी मी परवानगी दिली. ओवीची नवी सीट रफीकचाचांनी शिवली. उरलेली जांभळी मखमल तिला लावली, सोनेरी फुलांसकट. आम्ही तिघं अमरावतीला निघालो.

मूर्तिजापूर गेलं. केबिनमध्ये बसइतकाच आवाज. तंदूरवर मी हात ठेवला, कोमट. सागर सवयीने ओरडला, "कसं वाटतंऽऽ?" आणि स्वतःच दचकला. हळू आवाजात काय बोलायचं ते आम्हाला आठवेचना.

बडनेऱ्याच्या अलीकडे रस्त्याकडेला संत्र्यांचे ढीग लागले. मला डॉक्टरांचं आठवलं. मी वाकून, अगदी हळू, ओवीच्या कानाशी म्हटलं, "ओवी, ती बघ संत्री. पिवळी पिवळी."

ओवीने माझ्याकडे पाहिलं. मग चिमुकला हात उचलला, कानामागे धरला आणि खणखणीत आवाजात म्हणाली,

"का म्हन्तं?"