पळवलेली की पळवणारी

१२ मार्च २०१९ हा दिवस मंगळवार होता. कोणतेही जुने कॅलेंडर उघडून पाहता येईल. त्या दिवशी सकाळी अकरा वाजून बेचाळीस मिनिटांनी ‘वेलांटी’ या टोपणनावाने ओळखल्या जाणाऱ्या एका गृहस्थांनी आपल्या फोनवरून एक चित्रफीत आणि तिच्याखालची दोन छोटी वाक्ये दोन गटांना पाठवली. ही वेळ त्यांच्या फोनवर आजही दिसते. पुढच्या हकिगतीत जिच्याबद्दल कसलाच वाद नाही अशी गोष्ट एवढीच.

वेलांटी सदतीस वर्षे एका दैनिकात प्रूफे तपासत आले होते. दुपारी चारला ते छापखान्यामागच्या अरुंद खोलीत बसत, चष्मा पुसत आणि पानाच्या तळापासून वर वाचायला लागत. ही रीत त्यांना त्यांच्या वस्तादाने घालून दिली होती. वस्तादाचे नियम दोनच. पहिला: अक्षर वाचायचे, अर्थ नाही, कारण अर्थात शिरलेला डोळा चुकीवरून घसरतो. दुसरा: अर्थाबद्दल शंका आलीच, तर समासात प्रश्नचिन्ह करायचे आणि मजकूर लिहिणाऱ्याकडे परत पाठवायचा. शंकेची दुरुस्ती लिहिणारा करील, आपण नाही.

सापडलेली प्रत्येक चूक ते एका जाड वहीत टिपून ठेवत. डावीकडे चूक, उजवीकडे दुरुस्ती. अशा एकोणीस वह्या घरातल्या कपाटात होत्या आणि त्यांच्यामुळे बायकोच्या साड्यांना जागा उरत नसे. ती पाहुण्यांना सांगे, “लग्न ठरल्यावर मी यांना चार पत्रं लिहिली. चारही लाल शाईच्या खुणा करून परत आली.” कोणी विचारले, तरी लग्न का केलेत, तर म्हणे, “माझी पत्रं जपून परत करणारा माणूस वाईट नसणार, असं वाटलं. आता वाटतं, जरा चौकशी करायला हवी होती.”

फोन हाती आल्यावर वेलांटींना रान मोकळे मिळाले. इमारतीच्या गटात शेजाऱ्याच्या वडिलांच्या निधनाची बातमी आली, तेव्हा सगळ्यांनी हात जोडले. यांनी ‘श्रध्दांजली नव्हे, श्रद्धांजली’ असे लिहिले. शेजारी चार महिने बोलला नाही. पुढे त्यांनी उघड चुका दाखवणे सोडले आणि दुसरा मार्ग धरला: आलेला मजकूर पुसायचा, शुद्ध करून लिहायचा आणि मगच पुढे पाठवायचा.

त्या मंगळवारी मेहुण्याकडून चित्रफीत आली. तिच्याखाली लिहिले होते: ‘मुल पळवलेली बाइ बाजारात दिसली. सावध रहा.’

चित्रफीत अडतीस सेकंदांची आहे. वेलांटींनी पहिली पाच सेकंदे पाहिली, तीही आवाज बंद करून. बाजाराच्या फाटकाशी दहा-बारा माणसे एका बाईला केस धरून ओढत होती. तिच्या ओठातून रक्त येताना दिसले आणि त्यांनी ती बंद केली. मात्र खालचा मजकूर त्यांना सोडवेना. ‘मुल’चे ‘मूल’ केले, ‘बाइ’ची ‘बाई’ केली, ‘रहा’चे ‘राहा’ केले. मग ते ‘पळवलेली’पाशी थांबले.

थांबण्यासारखेच ते होते. ‘मूल हरवलेली बाई’ म्हटले की डोळ्यांसमोर आई उभी राहते. ‘मूल पळवलेली बाई’ म्हणताना भाषा दोन्ही दारे उघडी ठेवते: जिने पळवले तीही बाई आणि जिचे पळवले गेले तीही. वेलांटींना शंका आली होती. हे ते स्वतःच सांगतात. पण फोनला समास नसतो, आणि मेहुण्याला विचारून उपयोग नव्हता, कारण त्याने ते लिहिले नव्हते. जमाव जिला ओढतो ती गुन्हेगारच असणार, असे मनात आले होते का? ते म्हणतात, मनात काहीच आले नाही, बोट आपोआप फिरले. याला त्यांच्या शब्दाखेरीज पुरावा नाही. त्यांनी ‘पळवलेली’ पुसले आणि ‘पळवणारी’ लिहिले. वाक्य स्वच्छ झाले. वहीत नोंद केली आणि मजकूर पाठवून दिला. इमारतीच्या गटात चौसष्ट माणसे होती, छापखान्यातल्या जुन्या सोबत्यांच्या गटात एकतीस.

गुरुवारी दुपारी नळ दुरुस्त करणाऱ्याकडून तीच चित्रफीत उलट त्यांच्याकडे आली. खाली मजकूर त्यांचाच होता.

“अगं, हे बघ,” ते स्वयंपाकघरात जाऊन म्हणाले. “कुठून कुठे फिरून आलं, पण एक वेलांटी हललेली नाही! ‘राहा’सुद्धा तसंच!”

बायकोने हात पुसून फोन घेतला. तिने चित्रफीत शेवटपर्यंत पाहिली.

“अहो, हिच्या हातात फोटो आहे.”

“कुणाचा?”

“लहान मुलीचा. ही सगळ्यांना दाखवतेय. ओरडतेय काहीतरी, तुम्ही आवाज बंद ठेवलाय.” मग म्हणाली, “पुढे काय झालं हिचं? ते कुणी शुद्ध करून लिहिलंय का?”

वेलांटींची प्रूफांची वेळ झाली होती. ते निघून गेले.

शुक्रवारी सकाळी चहाच्या वेळी बायकोने पाचव्या पानावरची चार ओळींची बातमी मोठ्याने वाचली. मुले पळवण्याच्या संशयावरून बुधवारी संध्याकाळी बस आगारापाशी जमावाने एका महिलेला मारहाण केली. रात्री रुग्णालयात तिचा मृत्यू झाला. ती आपल्या हरवलेल्या सहा वर्षांच्या मुलीला शोधत होती.

“हो, ‘रूग्णालयात’ होतं. मीच ऱ्हस्व केलं काल,” वेलांटी म्हणाले.

बायकोने वर्तमानपत्र त्यांच्यापुढे सरकवले आणि ‘मुलीला शोधत होती’ या शब्दांवर बोट ठेवले. आदल्या संध्याकाळी त्यांनी ही बातमी तळापासून वर वाचून पुढे धाडली होती. आता प्रथमच ती वरून खाली वाचली. कपातला चहा तसाच निवला.

त्या दिवसापासून त्यांना एकच गोष्ट जाणून घ्यायची होती. मंगळवारी बाजारातून ती बाई सुटली होती. कोणीतरी मध्ये पडले होते. बुधवारी आगारापाशी तिला ओळखले गेले ते चित्रफितीवरून. तिथल्या माणसांच्या फोनवर ‘पळवलेली’ होते की ‘पळवणारी’? ‘पळवलेली’ असते, तर एखादा तरी क्षणभर अडखळला असता, असे त्यांना वाटत होते. जगात ‘राहा’ कोणी लिहीत नाही. आपली ओळ कुठेही ओळखू येईल, याची त्यांना खात्री होती.

शनिवारी ते वही काखोटीला मारून पोलीस चौकीत गेले. हवालदाराने सगळे ऐकून घेतले.

“काका, शुद्धलेखनाची तक्रार इथे घेत नाही.”

“तक्रार नाही, साहेब. तुम्ही जप्त केलेल्या फोनवरची ओळ फक्त एकदा पाहू द्या.”

“अकरा फोन आहेत. सीलबंद झालेत.” त्याने पंचनाम्याची प्रत मात्र वाचून दाखवली. तिच्यात ‘सदर महिला मुले पळवते अशा आशयाचा मजकूर’ असे होते. आशय होता, अक्षरे नव्हती.

“अक्षरशः उतरवून घ्यायला हवं होतं,” वेलांटी पुटपुटले.

“बाई मेली, काका. एका वेलांटीनं काय होतं?” हवालदाराला त्यांचे टोपणनाव माहीत नव्हते.

मेहुण्याला विचारले, तर तो हसला. “भावजी, मागून आलं, पुढे ढकललं. मागे कोण होतं ते मी का बघू? आणि मी ते पुसलंही कधीच.”

शेवटी ते मेलेल्या बाईच्या धाकट्या बहिणीकडे गेले. ती कपडे इस्त्री करण्याच्या दुकानात कामाला होती. तिच्यामागे घडी केलेल्या चादरींची चवड होती आणि कोपऱ्यात लहान मुलीचे दप्तर. मुलगी गुरुवारी सकाळी मिळाली होती. एका गोदामात खेळत शिरली आणि बाहेरून दार लागले. दोन दिवस उपाशी राहिली, पण सुखरूप निघाली. तिला कोणीच पळवले नव्हते. ओळीचे दोन अर्थ होते आणि दोन्ही खोटे होते.

“बातमीवाले झाले, पोलीस झाले. तुम्ही कोण, काका?”

“मी प्रूफं तपासतो, ताई.”

“म्हणजे?”

“चुका काढतो.”

“कुणाच्या?”

वेलांटींनी विचारले, “तुमच्या फोनवर तो मजकूर आला होता ना? त्यात शेवटी ‘राहा’ होतं की ‘रहा’?”

तिने इस्त्री उभी करून ठेवली. “काका, मी माझ्या ताईकडे बघत होते. खालची अक्षरं कोण बघणार? आणि पुसलं मी ते. पोरीच्या हातात फोन जातो.”

“त्यातला शब्द मी बदलला असेन,” ते म्हणाले. “आधी दोन अर्थ निघत होते. मी एक काढून टाकला.”

“असेन म्हणजे? बदललात की नाही?”

“बदलला. पण त्या लोकांकडे माझाच गेला की दुसरा, ते कळत नाही.”

तिने इस्त्री हातात घेतली.

“मग कळल्यावर या,” ती म्हणाली.

ते पुन्हा गेले नाहीत. बायको एकदा म्हणाली, “अहो, जाऊन नुसते बसून तरी या,” तर म्हणाले, “काय सांगू तिला? अजून कळलेलं नाही.” एप्रिलमध्ये त्यांनी प्रूफांचे काम सोडले. विसावी वही अर्धी कोरी आहे. तिच्यातली १२ मार्चची नोंद अशी: डावीकडे ‘पळवलेली’, उजवीकडे ‘पळवणारी’. कडेच्या समासात नंतर वेगळ्या शाईने काढलेले एक प्रश्नचिन्ह आहे.

ते वाक्य प्रथम कोणी लिहिले, हे अज्ञात आहे. त्याला कोणता अर्थ अभिप्रेत होता, हेही अज्ञात आहे. अकरा फोनांवरचा मजकूर कोणी अक्षरशः उतरवून घेतल्याची नोंद सापडत नाही. त्यामुळे बुधवारी संध्याकाळी आगारापाशी जमलेल्यांनी ‘रहा’ वाचले की ‘राहा’, हे माहीत नाही.