बावीस वर्षांची गाडी विका म्हणणाऱ्यांना

जुनी गाडी बाळगली की किस्से आपोआप साठतात. पायपुसण्यातली वाळू जशी कितीही झटकली तरी उरते, तसे. नव्या गाडीवाल्यांकडे सांगायला फक्त मायलेज असतं.

माझी फोर-बाय-फोर बावीस वर्षांची आहे. दोह्यात आल्यावर मायदेशी परतणाऱ्या एका फोरमनकडून घेतली. शुक्रवारी मासे पकडायला जायचं, थंडीत वाळवंटात तंबू ठोकायचा, एवढंच तिचं काम. तेव्हापासून आमची अख्खी वस्ती, अल अझीझिया, मला ती विकायला सांगतेय. मी ऐकत नाही.

आमची टोळी तिघांची. मी नाशिकचा, जोशी पुण्याचा, आयटीवाला, आणि नाईक मालवणचा, हमद पोर्टवर सुपरवायझर. माझी बायको मीनल टोळीत नाही. ती विरोधी पक्षात आहे.

*

जोशीचा भाऊ कॅनडात असतो. त्याने एक व्हिडिओ पाठवला. गोठलेल्या तळ्यावर आमच्यासारखीच एक जुनी गाडी उभी, आणि बर्फाला भोक पाडून मासेमारी चाललेली.

नाईकाने तो दोनदा पाहिला. म्हणाला, "तुझो भाव उलटो धंदो करता. आमी आधी मासो धरतंव, मगे बर्फात घालतंव."

त्या दिवशी मासेमारीहून परतताना गाडीचा एसी बंद पडला होता, आणि जोशी माशांच्या आइसबॉक्समध्ये पाय सोडून बसला होता. घरी गेल्यावर ते मासे आम्ही तिघांनीही आवडीने खाल्ले. बायकांना सांगितलं नाही.

*

जोशीचा साहेब एकदा नवीकोरी एसयूव्ही घेऊन आमच्यासोबत आला. वाळूत शिरण्याआधी टायरमधली हवा कमी करायची, हे इथे कोणीही सांगेल. मी सांगितलं, तर म्हणाला, "माझी गाडी सगळं स्वतः ठरवते."

गाडीने ठरवलं. चारही चाकं रुतली आणि स्क्रीनवर सर्व्हिस सेंटरला फोन करण्याची सूचना आली.

मी ओढायचा पट्टा दोन्ही गाड्यांना बांधला, 'यल्ला, चल गं' म्हटलं, आणि आमच्या म्हातारीने तिला एका दमात ओढून काढलं. साहेब आभार मानायचं सोडून म्हणाला, "तुमची गाडी आवाज फार करते हो."

"काम करणाऱ्याचा होतोच," मी म्हटलं. जोशी महिनाभर माझ्याशी नीट बोलला नाही. त्याचं अप्रेझल जवळ आलं होतं.

*

माझी मुलगी आठवीत आहे. मी मराठीत बोलतो, ती इंग्रजीत उत्तर देते. एकदा शाळा जवळ आल्यावर म्हणाली, "बाबा, प्लीज ड्रॉप मी ॲट द राउंडअबाउट."

मला राग आला, खोटं कशाला बोलू. मी थेट गेटसमोर थांबलो, दोनदा हॉर्न वाजवला आणि खिडकीतून ओरडलो, "डबा खा गं पूर्ण."

तिने आठवडाभर अबोला धरला, तोही इंग्रजीत.

*

इथे दरवर्षी तपासणीत पास झाल्याशिवाय गाडीची नोंदणी पुढे सरकत नाही. यंदा मीनलने अट घातली, "नापास झाली तर विकायची." मी छाती ठोकून हो म्हटलं. इंजिन मी स्वतः बघतो, मला कसली भीती?

तपासणीच्या आदल्या दिवशी दसरा होता. माझी पहिली नोकरी नाशिकच्या सातपूरला, कारखान्याच्या शॉपफ्लोअरवर. तिथे यंत्राची पूजा म्हणजे सगळ्या यंत्राची. त्यामुळे मी नुसता बॉनेटला हार घालून थांबलो नाही. गाडीखाली सरपटत गेलो आणि तेलात कुंकू कालवून गिअरबॉक्सलाही मस्त बोटं ओढली. जरा सढळ हातानेच.

दुसऱ्या दिवशी इंजिन तापलं, कुंकू पातळ झालं. तपासणीसाने बॅटरी मारून खालून पाहिलं, तर गिअरबॉक्समधून लाल तेल ठिबकतंय. "लीकेज," तो म्हणाला आणि फुली मारली.

मी हिंदीत, इंग्रजीत, हातवारे करून दसरा समजावला. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "खलास. साफ करून उद्या आण."

साफ केली, उद्या नेली, पास झाली. पण मीनल म्हणाली, "एकदा नापास म्हणजे नापास. शब्द दिलाय तुम्ही." शब्द दिला होता. त्याच दिवशी जाहिरात टाकली, आणि मला जेवण गेलं नाही.

*

शनिवारी गिऱ्हाईक आलं. एक हैदराबादी गृहस्थ, अगदी सज्जन. मी फुगून सोफ्यावर बसलो होतो, त्यामुळे मीनलच त्यांच्याबरोबर खाली गेली. मी बाल्कनीतून ऐकत होतो.

"एसी?"

"कभी चलता है, कभी नहीं."

"बदबू काहे की है?"

"मछली की. जाएगी नहीं."

मागचं दार आतून उघडत नाही, डावा आरसा दोरीने बांधलाय, सगळं तिने सांगितलं. एकही दोष लपवला नाही. गृहस्थ मान डोलवत होते. मग त्यांनी खिशातून पाकीट काढलं.

"परेशानी नहीं, भाभी. चलानी किसको है? पार्ट्स निकालके बाकी भंगार में दे देंगे."

मीनलने त्यांच्या हातातली किल्ली काढून घेतली.

"चलती गाड़ी है, भाईसाब. बेचनी नहीं है."

त्यांना वर आणून चहा दिला, चिवडा दिला आणि वाटेला लावलं. दार बंद करून माझ्याकडे वळली.

"एक अक्षर बोलायचं नाही," ती म्हणाली.