ठिपकेवाला आणि निल

माझ्या मावशीनं तेहेतीस वर्षं लोकांचं रक्त तपासलं आणि एकालाही त्याला काय झालंय ते सांगितलं नाही. सांगायची मुभाच नव्हती. ती लॅबमध्ये टेक्निशियन होती. सुई टोचायची, काचपट्टीवर रक्ताचा थेंब ओढायचा, मायक्रोस्कोपला डोळा लावून पेशी मोजायच्या आणि आकडा लिहायचा. खाली सही दुसऱ्याची. खिडकीशी आलेला माणूस कागद हातात धरून कासावीस होऊन विचारायचा, "काय निघालं हो?" मावशीला सगळं दिसलेलं असायचं, तरी ती चेहरा कोरा ठेवून म्हणायची, "डॉक्टर सांगतील." घरी आम्ही याच वाक्यावरून तिची थट्टा करायचो. भाजीत मीठ जास्त पडलंय का, असं तिनं विचारलं की सगळ्यांनी एका सुरात म्हणायचं, डॉक्टर सांगतील.

ती निवृत्त झाली तेव्हा लॅबनं तिला तिचाच जुना मायक्रोस्कोप भेट दिला. तो तिनं स्वयंपाकघराच्या ओट्यावर, मिक्सरच्या शेजारी ठेवला. मग सुरू झाली तिची येरझार. मी त्याच इमारतीत तिच्या बरोबर खाली, दुसऱ्या मजल्यावर राहते. सकाळी पाचपासून माझ्या डोक्यावर तिच्या सपाता वाजायच्या. ओट्यापासून खिडकी, खिडकीपासून माशांचा टँक, पुन्हा ओटा. तेहेतीस वर्षं दिवसाला शंभर काचा पाहणाऱ्या बाईला एकाएकी पाहायला काहीच उरलं नाही, की तिचं काय होणार? तिनं माझे डोळे, माझी नखं, माझी जीभ तपासून संपवली. मी वर जायचंच कमी केलं.

काका, म्हणजे मावशीचे यजमान, याच्या अगदी उलट. मितभाषी. जन्मभर लिफ्ट दुरुस्त केल्या आणि घर घेतलं ते लिफ्ट नसलेल्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर. यावरूनही आम्ही त्यांना छळायचो. संध्याकाळी फिरून आले की ते माझ्या दारात थांबायचे, चपलांच्या कपाटाजवळच्या स्टुलावर दहा मिनिटं बसायचे आणि मी ऑफिसची गाऱ्हाणी सांगायचे. ते नुसते मान हलवायचे. मला वाटायचं, घरात एवढा शांतपणे ऐकून घेणारा हा एकच माणूस आहे.

तर टँकबद्दल. त्यात 'साहेब' राहतात. साहेब म्हणजे हाताच्या पंजाएवढा, पोट सुटलेला, अकरा वर्षांचा गोल्डफिश. मावशीच्या मुलीनं शाळेत असताना आणलेला. ती आता परदेशात नोकरी करते आणि फोनवर आईच्या आधी साहेबांची चौकशी करते. आधी साहेबांना जोडीदार होता. गेल्या वर्षी मावशीनं हौसेनं एक नवा मासा आणला आणि त्याच दिवशी टँकमध्ये सोडला. दहा दिवसांत नवाही गेला, जोडीदारही गेला. साहेब आठवडाभर तळाशी आडवे पडून होते, नशिबानं उठले. मुलगी फोनवर एवढंच म्हणाली, "आई, तू तर लॅबमधली ना गं?" त्यानंतर महिनाभर ती फारशी बोललीच नाही. मावशीच्या काळजात ते वाक्य काट्यासारखं रुतून बसलं होतं.

आता मुलगी सुट्टीवर येणार होती. साहेब एकटे पडलेत, त्यांना सोबत हवी, हे तिनं तीनदा बजावलं होतं. म्हणून मावशीनं दोन नवे मासे आणले, पण या वेळी पठ्ठीनं शहाणपणा केला. ओट्याखाली पारदर्शक टब मांडला, त्यात हवेचे बुडबुडे सोडणारी नळी टाकली आणि जाहीर केलं, दोन आठवडे दोघं इथंच राहतील. जाळी वेगळी, भांडं वेगळं, टबात हात घातला की साबणानं कोपरापर्यंत धुवायचा. रोगी मासा साहेबांपर्यंत पोचता कामा नये. मुलगी यायच्या आत कोण निरोगी आणि कोण आजारी याचा निकाल लागायला हवा, आणि या वेळी निकाल सांगायला डॉक्टर नव्हता.

तिसऱ्या दिवशी केशरी माशावर तिला पांढरे ठिपके दिसले. मिठाच्या कणाएवढे. तिनं मला फोन करून वर बोलावलं, तेव्हा तिच्या हातात लॅबमधला जुना काउंटर होता, अंगठ्यानं दाबला की आकडा पुढे सरकवणारा. टबापुढे उकिडवी बसून ती ठिपके मोजत होती. डावीकडून चौदा, उजवीकडून तेरा. एक वही निघाली, तिच्यात तारखा आणि रकाने आखले गेले. केशरी माशाचं नाव पडलं ठिपकेवाला. दुसरी पांढरीशुभ्र, अंगावर एक डाग नाही. तिच्या रकान्यात मावशीनं लॅबच्या सवयीनं 'निल', म्हणजे काही नाही, असं लिहिलं आणि तेच तिचं नाव झालं.

पांढऱ्या ठिपक्यांचा एक आजार असतो. एकाला झाला की टँकभर पसरतो, गेल्या वर्षी बहुधा तोच झाला होता. मावशीनं टबात मीठ घातलं, पाणी कोमट ठेवलं, दिवसातून चार वेळा मोजणी लावली. आजार असेल तर ठिपके वाढायला हवेत किंवा गळायला हवेत. हे पठ्ठे जागचे हलेनात. चौदा-तेरा. चौदा-तेरा. पाचव्या दिवशी तिनं ठिपकेवाल्याला ओल्या फडक्यात धरलं, त्याच्या अंगावरचा बुळबुळीतपणा हलकेच काचपट्टीवर घेतला आणि मायक्रोस्कोपखाली सरकवला. काहीच नाही. पुन्हा घेतला. पुन्हा काही नाही. काच स्वच्छ आणि अंगावर ठिपके, हे तिच्या हिशेबात बसेना. सपाता आता दुपारीही वाजायला लागल्या. पालथ्या घड्यावर पाणी ओतावं तसं मी तिला समजावत होते, पण ती ऐकते कसली.

या सगळ्यात निल बिचारी कुणाच्या अध्यात ना मध्यात. बुडबुड्यांच्या नळीजवळ, वरच्या कोपऱ्यात ती स्थिर असायची. मधूनच टबाच्या भिंतीला अंग घासून पुन्हा जागेवर. मावशी तिच्याकडे कौतुकानं बघायची. गुणी पोर आहे, म्हणायची, जराही त्रास नाही हिचा.

काका ओट्याशेजारच्या खुर्चीत बसून चहा प्यायचे तेव्हा टब त्यांच्या समोरच असायचा. आठव्या दिवशी ते म्हणाले, की केशरीचं मला ठाऊक नाही, पण पांढरीचं काही खरं दिसत नाही. मावशीनं वही त्यांच्यासमोर धरली. सहा दिवस, रोज चार नोंदी, चोवीस वेळा निल. तुम्ही लिफ्टमधले, तुम्हाला काय कळतंय यातलं, असंही ती बोलून गेली. काकांनी कप धुऊन ठेवला आणि ते पेपर वाचायला गेले. खरं सांगायचं तर मीही मावशीच्याच बाजूची होते. आकडे काही खोटं बोलणार होते का?

अकराव्या दिवशी मावशीचा धीर सुटला. ठिपकेवाल्याला पिशवीत घालून ती दुकानात निघाली, सोबतीला मला ओढलं. परत करायचा आणि निलला आजच साहेबांकडे सोडायचं, असं ठरलं होतं. दुकानदार जाड भिंगाचा चष्मा लावणारा, कंटाळलेला माणूस होता. त्यानं पिशवी उजेडात धरली, इकडून तिकडून फिरवली आणि विचारलं, ठिपके नेमके कुठे आहेत ते पाहिलंत का? मावशी म्हणाली, चौदा आणि तेरा. किती ते नाही विचारलं, तो म्हणाला, कुठे ते विचारलं. आम्ही दोघींनी वाकून पाहिलं. सगळे ठिपके कल्ल्यांच्या झाकणांवर आणि पुढच्या परांच्या कडेला, ओळीनं. बाकी अंगावर एकही नाही.

"आजार नाही हा," दुकानदार म्हणाला. "नर आहे. वयात आलाय."

मावशीचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. नऊ दिवस तिनं एका तरण्याबांड माशाला मीठ चोळून, त्याची मुरुमं मोजून हैराण केलं होतं. रस्ताभर मी हसत होते. मग तीही हसली, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदाच तिच्या चालण्यातली घाई कमी झाली. एक आजारी नाही आणि दुसरीला कधी काही नव्हतंच. म्हणजे दोघंही पास. मुलगी यायला अजून तीन दिवस होते.

आम्ही जिना चढलो तेव्हा काका माझ्या दारातल्या स्टुलावर बसलेले होते. फिरून आले होते. आम्ही आनंदाची बातमी देत वर गेलो, ते मागून सावकाश आले. तोवर मावशीनं निलला जाळीत घेऊन साहेबांच्या टँकवरचं झाकण उघडलंसुद्धा. काका दारातूनच म्हणाले, थांब. मग तिथवर आले आणि त्यांनी टँकच्या तोंडावर आपला पंजा आडवा धरला. एवढ्या वर्षांत त्यांनी मावशीच्या कामात हात घातलेला मी पहिल्यांदाच पाहत होते.

"ती धापा टाकतेय," ते म्हणाले. "ठिपके नको मोजूस. तिचा श्वास मोज."

मावशी चिडली होती, हे तिच्या नाकपुड्यांवरून कळत होतं. पण मोज हा शब्द तिला टाळता येत नाही. तिनं निलला परत टबात सोडलं, ठिपकेवाल्यालाही पिशवीतून काढून शेजारी सोडलं. दोघांना जरा स्थिरावू दिलं, मनगटावरचं घड्याळ समोर धरलं आणि काउंटर दाबायला लागली. ठिपकेवाल्याचे कल्ले मिनिटाला बहात्तर वेळा उघडले. निलचे एकशे अडतीस. तिनं पुन्हा मोजले. एकशे चाळीस. मग ती उठली, निलला ओल्या फडक्यात घेतलं, कल्ल्याचं झाकण केसाएवढं उचललं आणि आतला ओलावा काचेवर घेतला. मायक्रोस्कोपला डोळा लावला आणि बराच वेळ काढलाच नाही. मलाही दाखवलं. पारदर्शक, अळीसारखं काहीतरी, ताणायचं आणि आखडायचं. एकाच काचेवर पाच. कल्ल्यांतले जंत. बाहेरून अंगावर काहीही दिसत नाही त्यांचं.

तिनं दुकानदाराला फोन केला. जंतांचं औषध टबात घालायचं, आठवड्यानं पुन्हा एकदा, आणि तोवर साहेबांपासून दूर, असं ठरलं. वेळेत कळलं, तो म्हणाला. मावशी कोपरापर्यंत हात धूत होती आणि मी सुटकेचा निःश्वास टाकून काकांचं अभिनंदन करत होते. ते खुर्चीत बसले होते. मावशीनं नळ बंद केला आणि सहज विचारावं तसं विचारलं, "पण तुम्हाला कसं कळलं?"

काका हसले. "जिना चढून आलो की मी पण तसाच उभा असतो. तोंड उघडं, हालचाल नाही, जिथे वारा येतो तिथे. म्हणून तर हिच्या दारात बसतो रोज."

माझी गाऱ्हाणी. माझे दहा मिनिटांचे श्रोते. मी बोलत असायचे आणि हा माणूस समोर बसून दम गोळा करत असायचा, आणि मला वाटायचं, किती मन लावून ऐकतात. कधीपासून, असं मावशीनं विचारलं. सात-आठ महिने झाले असतील, ते म्हणाले, पण रक्ताचे रिपोर्ट तूच करून आणले होतेस ना, सगळं नॉर्मल होतं. ओले हात तिनं साडीला पुसले, स्टूल ओढलं आणि त्यांच्यासमोर, गुडघ्याला गुडघा लागेल इतक्या जवळ बसली.

पुढचं सगळं वेळेवर झालं, हे आधीच सांगून टाकते. हृदयाच्या तीन नळ्या जवळजवळ बुजलेल्या निघाल्या, मुलगी विमानतळावरून थेट हॉस्पिटलात आली, काका आज जिना दमादमानं पण न थांबता चढतात. ठिपकेवाला आणि निल, दोघंही साहेबांकडे राहायला गेले. हॉस्पिटलच्या बाकावर मावशी मला म्हणाली होती, "लग्नाला चौतीस वर्षं झाली, पण यांच्याकडे एक अख्खं मिनिट नुसतं बघितलं असं कधी झालंच नाही गं." तेव्हा ती रडली. पण त्या संध्याकाळी ओट्याशी तिच्या डोळ्यांत पाण्याचा टिपूस नव्हता. एका हातात घड्याळ, दुसऱ्या हातात काउंटर, नजर काकांच्या सदऱ्याच्या तिसऱ्या बटणावर, आणि ते बटण वर जाईल तशी टिक, टिक. घरात दुसरा आवाज नव्हता. मिनिट संपलं. तिनं आकडा पाहिला, काउंटर पालथा करून ओट्यावर ठेवला. मला आकडा दिसला नाही.

"काय निघालं?" काकांनी विचारलं. चेष्टेतच विचारलं होतं.

मावशीनं चेहरा कोरा ठेवला. "डॉक्टर सांगतील," ती म्हणाली आणि त्यांच्या चपला शोधायला लागली.