पुढच्या रांगेची सावली

आमच्या वस्तीत त्याला सगळे क्रेनकाका म्हणतात. पोरंसोरं म्हणतात, म्हातारे म्हणतात, आणि ज्यांच्याशी तो उभ्या जन्मात एक शब्द बोलला नाही तेही म्हणतात. माणूस वाईट नाही. पण आयुष्यभर क्रेनच्या काचेच्या खोपटात, जमिनीपासून दहा मजले वर, एकटा बसून दांडे ओढले की माणसाचं काय होतं ते त्याच्याकडे बघून कळतं. खाली उतरला तरी वरच राहतो.

त्या खोपटात त्याच्या सोबतीला एकच गोष्ट होती. वॉकीटॉकीतून येणारा आवाज. खाली जमिनीवर उभं राहून 'डावीकडे घ्या, हळू, अजून हळू, बस' असं सांगणारा त्याचा जोडीदार. त्या जोडीदाराला सगळे खालचा म्हणायचे. वरच्याला वजन दिसतं, पण ते जमिनीला टेकलं की नाही ते कळत नाही. ते खालच्यानं सांगायचं. "टेकलं," खालचा म्हणायचा. "सोडतो," वरचा म्हणायचा. आणि दोर ढिला व्हायचा. दोघांची अख्खी नोकरी या दोन शब्दांमध्ये गेली.

निवृत्त झाल्यावर दोघं एकदा भेटले होते म्हणे. समोरासमोर बसले, चहा प्यायले, आणि बोलायला काही सुचेना. "त्याचं तोंड बघून मला बोलताच येईना," काकांनी मला एकदा सांगितलं. "तोंडाची सवयच नव्हती. कानाची होती." मग दोघांनी म्हातारपणी अभ्यास केला, परीक्षा दिली, हौशी रेडिओचा परवाना काढला. छपरावर खांब आले, तारा आल्या. दोन डोंगर मध्ये ठेवून रोज संध्याकाळी सातला, पाळी सुटायच्या वेळेला, दोघं बोलायला लागले. काय बोलायचे? काही नाही. गुडघे. हवा. कुठला मुकादम गेला. शेवटी खालचा म्हणायचा, "टेकलं, दादा." हा म्हणायचा, "सोडतो." झालं.

आमची वस्ती जुन्या दगडखाणीच्या खड्ड्यात आहे. मोबाईलला इथे रेंज नाही, आणि विजेची लाईन द्यायची तर सरकारी कचेरीला आमची आठवण फक्त निवडणुकीच्या तोंडावर येते. कचेरीच्या दारात बसून बसून आम्ही बायकांनी शेवटी घरोघरी सोलर पॅनल आणि बॅटऱ्या पदरात पाडून घेतल्या. फुकट नाही मिळाल्या, घसा फोडून मिळाल्या. म्हणून माझा दंडक आहे: पॅनलवर धूळ दिसली तर मी घरात घुसून ओरडते. कोणी मला पुढारीणबाई म्हणो नाहीतर कैदाशीण.

तर हिवाळा लागला.

हिवाळ्यात आमच्याकडे उजेडाची भांडणं सुरू होतात. दिवस आखडतो, सकाळ धुक्यात जाते, सूर्य कलून चालतो. पॅनलला थंडी सोसते, उलट आवडते. नडतं ते ऊन थोडं मिळणं. म्हणून सगळ्यांना सांगून ठेवलेलं आहे. पॅनलच्या मागच्या पायाला टेकू लावून ते जरा उभे करा, कललेल्या सूर्याला छाती दाखवू दे. सकाळी दव पुसा. इस्त्री, मोटर, मिक्सर जे काय ते भर दुपारी उरका. संध्याकाळसाठी बॅटरी राखा.

काकांनी सगळं केलं. इतरांपेक्षा जास्त केलं. आणि एका संध्याकाळी सात वाजता त्यांचा रेडिओ मुका झाला.

मुका म्हणजे कसा, तेही सांगते, कारण तिथेच सगळी गोम आहे. रेडिओला ऐकायला वीज लागते नखाएवढी. बोलायला लागते हातभर. बॅटरी अर्धमेली असली की पलीकडचा आवाज स्वच्छ येतो, पण तुम्ही बोलायला बटण दाबलं की सेट मान टाकतो. खालचा म्हणत होता, "दादा, ऐकताय का?" काकांनी बटण दाबलं. दिवा गेला, सेट गेला. थोड्या वेळानं परत लागला. "दादा, आहात का?" बटण. परत मेला. असं ते तासभर चाललं. शेवटी पलीकडून आवाज आला, "बरं. बाहेर गेला असाल कुठे."

बाहेर! काका आणि बाहेर!

दुसऱ्या दिवसापासून या माणसानं घरातली एकेक वस्तू बंद केली. फ्रिज बंद. पंपही बंद, पाणी बादलीनं. तिन्हीसांजेला दिवा लावणं बंद. अंधारात जेवायचा, अंधारात ताट धुवायचा, अंधारात सेटसमोर बसायचा. दुकानवाली शेजारीण मला म्हणाली, "ताई, क्रेनकाका गेले की काय? घरात उजेडच नाही." मी म्हटलं, गेले असते तर कळवलं असतं, तेवढे ते शिस्तीचे आहेत. थट्टा केली मी. हसलो आम्ही दोघी.

तरीही सेट मान टाकायचाच. मग काकांनी क्रेनवाल्याचं डोकं चालवलं. क्रेनचा वजन उचलणारा लांब दांडा जेवढा उभा, तेवढं जास्त वजन पेलतो. आडवा केला की क्रेन कलंडते. हाताखालून उभा जन्म हेच गेलेलं. त्यांनी पॅनलचे टेकू वाढवले. बॅटरी कमी भरली. अजून वाढवले. अजून कमी भरली. मग आणखी.

आणि त्या आठवड्यात पलीकडून बातमी आली. खालचा आता उत्तराची वाट न बघताच बोलायचा, माणूस देवाशी बोलतो तसा. म्हणाला, "दादा, ऐकत असाल तर सांगतो. पायानं पार दगा दिला. रविवारी सकाळी मुलगा न्यायला येतोय. त्याच्याकडे उंच इमारत आहे, पण गच्चीवर खांब लावू देत नाहीत. तेव्हा शनिवारपर्यंतच. ऐकत असाल तर एकदा बोला."

हे मला ठाऊकच नव्हतं. मी शुक्रवारी नेहमीच्या फेरीवर त्यांच्या दारात गेले. दुपार होती, आणि आत बघते तर अंगात दोन स्वेटर घालून माणूस भिंतीकडे तोंड करून बसलेला.

"काका, फ्रिज का बंद?"

"थंडी आहे की. फ्रिज कशाला?"

"मला शिकवू नका. बॅटरी भरत नाही ना?"

मग तुटक तुटक करत सगळं बाहेर आलं. माझा जीव नुसता तडफडला. म्हटलं, "आधी सांगायला जीभ झडली होती? माझी बॅटरी लावू संध्याकाळी. आत्ता उचलून आणते."

"नको."

"का नको?"

"तुझ्याकडे ती सून बाळंतीण आहे. तिला अंधारात ठेवून मी गुडघ्यांच्या गप्पा मारू?"

"मग वरच्या वळणावर चला, तिथे रेंज येते. फोन लावू त्यांना."

"नंबर नाही. आणि फोनवर त्याला ऐकू येत नाही. सेटला ती हेडफोनची टोपी लावतो तेव्हा येतं."

"मग गाडी करते, नेऊन सोडते!"

"आणि समोर बसून काय करू? चहा पिऊ?"

मी चिडले. "एक काम करा. दुपारी बॅटरीत दम असतो तेव्हा हाका मारा."

"मारल्या. तो सातलाच सेट लावतो. त्याला वाटतं दुपारी मी कामावर आहे." असं म्हणून हसले. मग म्हणाले, "पॅनल वरून बघितलेत मी. टाकीवर चढून. भर दुपारी लखलखतात सगळे. दोष तुमच्या कचेरीच्या बॅटरीत आहे."

आमच्या बॅटरीत! घसा फोडून आणलेल्या! "तुम्ही ना काका, उंटावरून शेळ्या हाकता," मी म्हटलं आणि दार आपटून निघाले.

त्या संध्याकाळी सेटवर काय झालं ते त्यांनी मला नंतर सांगितलं. खालचा जुन्या आठवणी काढत होता. "दादा, तो पुलाचा खांब आठवतो? तुम्ही वरून म्हणत होता अजून हातभर आहे, आणि मी बोंबलत होतो, सावली बघा, सावली! वरून सगळं सपाट दिसतं तुम्हाला. वजन किती खाली आलं ते त्याची सावली सांगते. तुम्ही कधी सावली बघितली नाही. माझ्यावर सोडून दिलीत." एवढं बोलून तो खोकत बसला. काका अंधारात माईक हातात धरून होते. बटण दाबलं नाही. दाबलं असतं तर तो खोकलाही ऐकू आला नसता.

शनिवारी सकाळी मी परत गेले. भांडण अर्धं सोडणं माझ्या स्वभावात नाही. काका गच्चीवर होते. त्यांची गच्ची अरुंद आणि लांबोळकी, म्हणून त्यांचे पॅनल एकामागे एक अशा दोन रांगांत आहेत. बाकी वस्तीत सगळ्यांची एकच रांग. मागच्या रांगेच्या पायाशी हा माणूस चक्क जमिनीवर, फरशीवर, मांडी घालून बसलेला. दहा मजले वर बसायची सवय असलेला.

"इकडे ये. खाली बस," म्हणाले. "तिकडून नाही दिसायचं."

मी बसले. आणि दिसलं. पुढची रांग एवढी उभी केली होती की तिची सावली मागच्या रांगेच्या खालच्या कडेवर पडली होती. वीतभरच. पण पॅनलचं असं असतं, एका कडेवर सावली आली की अख्खी रांग रुसते. भर दुपारी सूर्य वर आला की सावली सरकून जायची, आणि काका नेमके तेव्हा टाकीवर चढून वरून बघायचे. कलत्या उन्हात सावली पुन्हा यायची. जेवढे टेकू वाढवले तेवढी लांब.

"दांडा उभा केला की वजन पेलतं," काका म्हणाले. "इथे उलटं झालं."

बोलण्यासारखं पुष्कळ होतं, पण त्यांचा चेहरा बघितला आणि जीभ आवरली. मला ते क्वचित जमतं.

मग काम. मागची रांग तशीच उभी ठेवायची, पुढची उतरवून जवळजवळ आडवी करायची. आडवी रांग थोडी कमी कमावेल, पण दुसरीच्या पोटावर पाय देणार नाही. त्यांनी पाना घेऊन बोल्ट ढिले केले, मी मागे सावलीजवळ बसून हातानं खुणा करायला लागले.

"हे काय वारा घालतेस?" ते ओरडले. "खाली घ्यायचं तर तळवा जमिनीकडे! मोर्चात हात हलवतेस तसा नको हलवू."

"मग तोंडानं सांगते ना! खाली घ्या."

"किती?"

"थोडं."

"थोडं म्हणजे किती? बोट, वीत, हात? असल्या सांगण्यानं माणसं मेली असती आमची."

"वीतभर! अजून. अजून. बस!"

सावली मागच्या काचेवरून सुटली आणि फरशीवर पडली. मी म्हटलं, "बस, काका. सुटली." ते पाना हातात धरून तसेच उभे राहिले, जणू मी चुकीचा शब्द वापरला होता आणि ते बरोबर शब्दाची वाट बघत होते. तो शब्द माझा नव्हता. मला तेव्हा कळलं नाही, आता कळतं.

दव मी पुसलं. आकाश मोकळं होतं, धुकं लवकर विरलं. दिवसभर घरात त्यांनी काही लावलं नाही. मी घरी गेले, स्वयंपाक केला, दोघांशी भांडले, आणि सातच्या आत परत त्यांच्या पायरीवर येऊन बसले. आत बोलावलं नाही त्यांनी. दार मात्र उघडं ठेवलं.

सात वाजले. खरखर झाली. मग तो आवाज, मी पहिल्यांदाच ऐकला. बारीक, घोगरा. "दादा. शेवटचा दिवस. ऐकत असाल तर…"

काकांनी बटण दाबलं. सेट तगला. दिवा लागलेलाच राहिला.

"ऐकतोय," काका म्हणाले.

पलीकडे बराच वेळ नुसती खरखर. मला वाटलं तारच तुटली.

"कुठे होता?" खालचा म्हणाला. रागानं म्हणाला. मला बरं वाटलं ते.

"इथेच. रोज इथेच. ऐकत होतो. बोलायला वीज नव्हती."

"सगळं ऐकलंत?"

"सगळं. सावलीचंही."

"हूं." मग, "जेवलात?"

"जेवलो. तू?"

"खिचडीसारखं काहीतरी दिलंय. पाय कसा आहे विचारू नका."

"नाही विचारत. गुडघे माझेही तसेच आहेत."

असंच चाललं. हवा. गुडघे. मुलाच्या इमारतीला लिफ्ट आहे, खिडकीतून पार लांबवर दिसतं म्हणे. "म्हणजे आता तू वरचा," काका म्हणाले. पलीकडचा हसला, मग खोकला, मग परत हसला. मी पायरीवर बसून वाट बघत होते की आता कोणीतरी काहीतरी मोठं बोलेल. मला भाषणांची सवय. कोणी बोललं नाही.

"टेकलं, दादा," शेवटी खालचा म्हणाला.

काकांचा अंगठा बटणावरच होता, दाबलेला नव्हता. मग दाबलं. "सोडतो," म्हणाले.

मी निघताना म्हटलं, "त्या इमारतीवाल्यांना मी बघते. खांब कसा लावू देत नाहीत ते बघते."

"नको," काका म्हणाले. "त्याला तिथे राहायचंय. तू येशील भांडून परत."

त्यानंतरही हिवाळा बराच उरला होता. काकांची बॅटरी आता वस्तीत सगळ्यात जास्त भरते. फ्रिज सुरू झाला, पंप सुरू झाला, तिन्हीसांजेला खोलीत दिवा असतो. दुकानवाली म्हणते, "बघा, आता कसा उजेड पाडलाय काकांनी." वस्तीत कोणाचे टेकू कमीजास्त झाले तर लोक त्यांनाच बोलावतात, आणि ते जातात, आणि आधी खाली बसून सावली बघतात.

सातला सेट मात्र रोज लागतो. मी फेरीवर असले तर पायरीवर क्षणभर थांबते. आतून एकदाच आवाज येतो, "खालच्या, ऐकतोस का?" मग खरखर. ते बराच वेळ ऐकत राहतात. बॅटरीत दम असतो, सेट मान टाकत नाही. मग स्वतःच हात लांब करून बंद करतात. तेव्हा ते 'सोडतो' म्हणत नाहीत.